नारदाची नारदी झाली, पण आधीचा नारद कसा होता? लिंगबदलाच्या कल्पनाकथेतला पुरुष लिहिताना

एखाद्याचा रुबाब एका फटक्यात उतरला, की घरातली जुनी माणसं म्हणतात, ‘त्याची पार नारदाची नारदी झाली.’ वाक्प्रचार आपल्या कानावरचा आहे. त्यामागची गोष्ट मात्र आता फार थोड्यांना पूर्ण सांगता येते.

कीर्तनात ती साधारण अशी रंगते. नारद कृष्णाला म्हणतो, देवा, तुझ्या घरी सोळा हजार एकशे आठ बायका, त्यातली एखादी मला दे. कृष्ण म्हणतो, जिच्या महालात मी नसेन ती तुझी. नारद दारोदार फिरतो, तर प्रत्येक घरात कृष्ण हजर. कुठे जेवतोय, कुठे पोरं खेळवतोय. थकून नारद नदीवर जातो, बुडी मारतो आणि पाण्यातून वर येते ती एक बाई. मग तिचं लग्न, संसार, साठ मुलगे. प्रभव, विभव, शुक्ल अशी जी साठ संवत्सरांची नावं आपण पाडव्याला पंचांगात वाचतो, ती याच मुलांची, असं ही गोष्ट सांगते.

आता जरा विचार करा. बुडी मारणारा नारद नसता, कुणीतरी एक अनोळखी ऋषी असता, तर ही गोष्ट इतकी टिकली असती का?

नारद आपल्याला आधीपासून माहीत असतो. तिन्ही लोकांत फिरणारा, कुठेच न थांबणारा, इकडचं तिकडे करणारा, स्वतःच्या ब्रह्मचर्याचा थोडा गर्व असलेला. आणि या गोष्टीत पहिल्यांदाच आतून एकटा पडलेला. नेमक्या त्याच माणसाला घर, चूल आणि साठ पोरं मिळतात. ज्याचा पाय कुठे ठरत नव्हता, त्याचा पाय उंबऱ्याच्या आत अडकतो. बदल शरीराचा आहे, पण घाव स्वभावावर बसतो. स्वभाव आधी ठाऊक असल्याशिवाय तो घाव दिसलाच नसता.

सध्या मोबाईलवर भागाभागांनी ज्या मराठी कल्पनाकथा वाचल्या जातात, त्यात ‘तो’ची ‘ती’ होते असा प्रकारही वाचायला मिळतो. त्यातली कसर बहुतेक वेळा इथेच असते. नायक पहिल्या भागात बायकांना त्रास देतो, दुसऱ्या भागात साधूचा शाप लागतो, तिसऱ्या भागात तो आरशासमोर किंचाळतो. पहिल्या भागातल्या त्या माणसाला ना काम असतं, ना बहीण, ना कर्ज, ना एखादी सवय. तो फक्त ‘वाईट पुरुष’ असतो. मग बदल झाला तरी नेमकं काय हरवलं आणि काय उरलं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. कथेच्या हाती एकच अर्थ राहतो, की बाई होणं ही शिक्षा. लिहिणाऱ्याला पुरुषांवर टीका करायची असते, आणि कथा अपमान करून बसते बायकांचाच.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. शापाने झालेला बदल ही कल्पना आहे, ट्रान्सजेंडर माणसांचं आयुष्य ही कल्पना नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नाल्सा’ निकालात आपली लिंग-ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, त्यात कुठला साधू किंवा जादूची नदी नाही. पण कथा वाचणाऱ्यांत ही माणसंही असतात. शरीर बदललं म्हणजे हसण्याचा किंवा किळस येण्याचा विषय झाला, असं भागामागून भाग लिहिलं, तर ते त्यांच्यापर्यंतही पोहोचतं.

मग भरीव पुरुष म्हणजे कसा? चांगला? पराक्रमी? अजिबात नाही. याचं एक उदाहरण हिंगोली जिल्ह्यातच आहे. हिंगोलीजवळचं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, जन्मसाल १२७०. परंपरेने नामदेवांचं जे चित्र जपलंय ते पाहा. विठ्ठलाशी हट्ट करणारा, रुसणारा, रडणारा माणूस. घरात खायला नाही म्हणून बायको राजाई थेट रुक्मिणीकडे गाऱ्हाणं नेते, आणि तेही अभंगात. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाका थापटण्याने एकेकाचं डोकं वाजवून बघतात, तेव्हा नामदेव चिडतात आणि ‘कच्चं मडकं’ ठरतात. अपमान गिळवत नाही. पण शेवटी हाच माणूस औंढा नागनाथला जातो आणि पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबा खेचरांना गुरू करतो.

भक्तांनी आपल्या लाडक्या संताचा राग, हट्ट आणि घरातली ओढाताण पुसून टाकली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि याच वारकरी परंपरेतले पुरुष गौळणींमध्ये गोपी होऊन बोलतात, एकनाथांच्या भारुडात सासरी गांजलेली सून होऊन देवीला नवस करतात. बाईचा आवाज घेताना त्यांना आपल्यातला पुरुष आधी पुसून टाकावा लागला नाही. आपल्याकडच्या लेखकाला एवढी तयार शाळा असताना तो शापवाल्या साधूकडे का जातो, कोण जाणे.

अगदी जवळचं उदाहरण हवं असेल तर ‘नटरंग’. आनंद यादवांची कादंबरी आणि त्यावरचा रवी जाधव यांचा २०१० चा चित्रपट. यात जादू नाही, पण शरीर आणि चालणं-बोलणं बदलण्याची गोष्ट आहे. गुणा हा कसलेल्या अंगाचा शेतमजूर, कुस्तीचा आणि तमाशाचा नाद असलेला. फड उभा राहतो, पण नाच्याशिवाय फड चालणार नाही आणि नाच्या व्हायला कुणी तयार होत नाही. शेवटी गुणा स्वतः उभा राहतो. अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानाचं शरीर कमावून मग ते उतरवलं, याची तेव्हा खूप चर्चा झाली. पण प्रेक्षक रडला तो वजन उतरलं म्हणून नाही. त्या देहाचा गुणाला केवढा अभिमान होता, ते आपण आधी पाहिलेलं होतं. शिवाय गुणाला हे कुणी शाप देऊन करायला लावलं नाही. कलेच्या वेडापायी त्याने ते स्वतः निवडलं.

(‘अशी ही बनवाबनवी’तही हेच आहे. १९८८ पासून आपण हसतोय ते साडीला कमी आणि त्या साडीच्या आत घाबरलेल्या परशाला जास्त.)

आता बाजूचे पुरुष. नायकाची नायिका झाली, की आजूबाजूचे सगळे पुरुष एका रात्रीत दोनच जातींचे होतात. एक लाळ गाळणारे आणि दुसरे वाचवायला धावणारे. बाप, भाऊ, दुकानाचा मालक, शाळेतला मित्र, सगळे याच दोन खणांत. महाभारतात हे असं नाही. शिखंडिनी संकटात वनात जाते तेव्हा तिला स्थूण नावाचा यक्ष भेटतो. तो केवळ दयेपोटी आपलं पुरुषत्व काही काळासाठी तिला देतो आणि तिचं स्त्रीत्व स्वतः घेतो. पुढे त्याचा मालक कुबेर दारात येतो, तेव्हा स्थूण लाजून बाहेरच येत नाही. कुबेर चिडतो आणि शिखंडी जिवंत असेपर्यंत असाच राहा म्हणून शाप देतो. इकडे शिखंडी मुदतीप्रमाणे पुरुषत्व परत करायला येतो, आणि स्थूण त्याला घडलेलं सांगून परत पाठवतो.

किती छोटं पात्र आहे हे! पण त्यात दया आहे, लाज आहे, मालकाची भीती आहे आणि केलेल्या उपकाराची किंमत मोजणंही आहे. दहा भागांच्या मालिकेत एक तरी स्थूण असावा.

याच्या उलट एक जागा मराठी परंपरेने मोकळी सोडली आहे. कराडची सखू पंढरपूरला जाता यावी म्हणून विठ्ठल तिचं रूप घेतो आणि तिच्या जागी सासरी राबतो. देव बाई होतो, तेही सासुरवाशीण. ‘प्रभात’ने १९४१ मध्ये हंसा वाडकरांना घेऊन यावर ‘संत सखू’ हा चित्रपट काढला. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण सखूच्या नवऱ्याचं काय? सासूच्या बाजूने सखूला छळणारा आणि शेवटी पस्तावणारा, एवढंच त्याचं काम. मधल्या दिवसांत तो एका अशा बायकोबरोबर राहतोय जी त्याची बायको नाही. त्याला काही वेगळं जाणवलं का? भाकरीची चव, चालण्याचा आवाज, मारायला उचललेला हात अडवणारी नजर? जाणवूनही तो गप्प बसला असेल तर का? आज कुणी ही गोष्ट नव्याने लिहिणार असेल, तर माझ्या मते तिचा खरा नायक हा नवराच आहे.

आणि आता मराठीत लिहिणाऱ्यालाच मिळणारी एक गंमत. आपल्या भाषेत ‘मी’ म्हणणाऱ्याचं लिंग क्रियापदात उघडं पडतं. मी उठलो, मी उठले. मी जातो, मी जाते. म्हणजे प्रथमपुरुषी कथेत लेखकाला ठरवावंच लागतं, की नेमक्या कोणत्या वाक्याला ‘गेलो’चं ‘गेले’ झालं. बहुतेक जण आरशाचा प्रसंग आला की लगेच रूप बदलून टाकतात. एवढी घाई कशाला? माणूस इतक्या लवकर स्वतःला नव्या नावाने हाक मारत नाही.

शिवाय भाषेत लपायच्या जागा आहेत. ‘मी दार उघडलं’, ‘मी चहा केला’, ‘मला भूक लागली’, ‘मी उद्या येईन’ या वाक्यांत बोलणारा पुरुष आहे की बाई, हे कळत नाही. एखादं पात्र चार दिवस फक्त अशाच वाक्यांत बोलत राहिलं तर? घरच्यांना ते जाणवेल, त्याला स्वतःला जाणवेल, आणि पाचव्या दिवशी कुणी ‘झोपलास का गं?’ असं अर्धं अर्धं विचारलं, की सगळ्या घराचा गोंधळ त्या एका प्रश्नात येईल. ‘अरे’वरून ‘अगं’वर आधी कोण जातं, बाप की धाकटा भाऊ? आणि जी बायको ‘अहो’ म्हणायची, ती आता काय म्हणते? बाजूच्या माणसांचा स्वभाव दाखवायला यापेक्षा सोपी युक्ती नाही.

प्रत्यक्षात हे कसं उतरेल ते पाहू. समजा, तुमचा नायक वसमतच्या मोंढ्यात एका आडत्याकडे मुनीम आहे. हळदीचं बीट सुरू झालं की ढिगातलं एक हळकुंड उचलून मोडायचं, आवाज ऐकायचा, आतला रंग बघायचा आणि माल कसा वाळलाय ते सांगायचं, यात त्याचा हात कुणी धरणार नाही. त्याला त्याची घमेंड आहे. वाटणीवरून दोन वर्षं तो बापाशी बोललेला नाही. बहिणीच्या कॉलेजची फी मात्र गुपचूप भरतो. बायको हळद काढणीला आणि शिजवायला मजुरीने जाते, पण तिथे तिच्या हातांचं काय होतं, हे त्याने कधी विचारलेलं नाही. दुष्ट नाही तो. विचारायचं त्याला सुचलंच नाही.

हा माणूस एका सकाळी बाई होऊन उठला, तर पुढचं तुम्हाला फार शोधावं लागणार नाही. हळकुंडाची पारख बोटांत तशीच आहे, पण बोली लागते तिथे या बाईच्या शब्दाला किंमत नाही. बहिणीची फी आता कुठल्या तोंडाने भरायची? बापाशी अबोला होता, म्हणून बापाला कळायलाच आठवडा लागेल, आणि कळल्यावर तो आधी शेताच्या हिश्श्याचं बोलेल की जेवलास का विचारेल, यावर तो बाप कसा आहे ते ठरेल. बायकोबरोबर पहिल्यांदा काढणीला जाताना तिने याला हात कसे जपायचे ते शिकवावं, की मुद्दाम शिकवू नये?

मोंढ्यात एक जुना हमाल आहे असं धरा. रोज पोती रचतो, फार बोलत नाही. एक अनोळखी बाई ढिगाजवळ येते, हळकुंड उचलते, कानाजवळ नेऊन मोडते. ती मोडण्याची तऱ्हा त्याने दहा वर्षं पाहिलेली आहे. तो पोतं खाली ठेवतो. ‘मुनीमजी, चहा सांगू का?’ एवढंच विचारतो. या वाक्यात समोर पुरुष आहे की बाई, हे त्याला सांगावं लागत नाही.