कवितेचें गाणें होतांना

घरांत कोणी कविता करूं लागलें तर वडील मंडळी कौतुकानें ऐकतात. परंतु त्याच मुलानें, "मला हिचें गाणें करून घ्यावयाचें आहे, त्यासाठीं पैसे हवेत," असें म्हटलें कीं माजघरापर्यंत शांतता पसरते. आमच्या सोलापूरच्या घरीं गेल्या वर्षीं हेंच घडलें. पुतण्याचें एक पद चाल लावून, वाद्यमेळासह ध्वनिमुद्रित करून देण्याचें काम परगांवच्या एका गृहस्थांनीं अंगावर घेतलें. गाणें आलें, पण तीन ओळी बदललेल्या, चाल कोणाच्या मालकीची तें ठाऊक नाहीं, आणि कागद म्हणून हातीं पैशांची पावती तेवढी! मुलगा हिरमुसला; वडील "मीं आधींच सांगितलें होतें" म्हणून मोकळे झाले.

प्रथम वडिलांचा आक्षेप पाहूं. "ब्राह्मणाच्या घरांत हें कोणी केलें नाहीं," असें निदान सोलापुरांत तरी म्हणतां येत नाहीं. उत्तर पेशवाईंतील नामांकित शाहीर राम जोशी ह्याच गांवचे, शास्त्रीपुराणिकांच्या घरांतले. धोंडी शाहिराच्या फडाचा नाद लागल्यामुळें त्यांस घर सोडावें लागलें. पुढें त्यांनीं पंढरपुरास संस्कृताचें अध्ययन केलें, कीर्तनें केलीं, आणि तरीहि लावणी सोडली नाहीं, असें परंपरा सांगते. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनांतून लोकांच्या कानीं घालण्याचें श्रेयहि त्यांस देतात. पंडिताचें काव्य पोथींत राहतें. तें चारचौघांत यावयाचें तर गळा, ताल आणि साथ लागते, हें त्या पुरुषानें ओळखलें होतें.

त्यांच्याच जीवनावर सन १९४७ मध्यें 'लोकशाहीर राम जोशी' हा बोलपट निघाला. त्यांत गीतें माडगूळकरांचीं, संगीत वसंत देसायांचें, आणि नायकाच्या भूमिकेंत गायक नट जयराम शिलेदार. पुढें सन १९५५-५६ मध्यें पुणें आकाशवाणीवरून छप्पन्न गीतांचें 'गीतरामायण' झालें. तेथेंहि शब्द माडगूळकरांचे व चाली सुधीर फडक्यांच्या. परंतु सीताकांत लाड ह्यांच्यासारखा योजक पाठीशीं होता, हें विसरूं नये. कवि, संगीतकार, गायक आणि योजक अशा चौघांचा हा संसार आहे. तेव्हां नवशिक्यानें जाणत्याची मदत विकत घेतली, तर त्यांत कमीपणा कसला?

मदत घेतांना मात्र कामाचा क्रम ठाऊक असावा. आधीं ध्रुवपदाची चाल ठरते, मग अंतऱ्यांची. कागदावर शोभणारें जोडाक्षर द्रुत लयींत जिभेला अडखळवतें. लांब ओळींत गायकास श्वास घ्यावयास जागा उरत नाहीं. समेवर ऱ्हस्व अक्षर आलें तर तें उगाच ओढावें लागतें. पुतण्याचें पद आम्हीं शेजारच्या गाणाऱ्या बाईंना दाखविलें. त्यांनीं तें दोनदां गुणगुणून सांगितलें, "तीनपैकीं दोन बदल योग्यच आहेत; तिसऱ्यानें मात्र अर्थच फिरला." म्हणजे दोष बदलण्यांत नव्हता, न विचारण्यांत होता. म्हणून केवळ पेटी-तबल्यावरचें कच्चें ध्वनिमुद्रण आधीं मागवावें, शब्द व चाल पसंत करावी, आणि मगच वाद्यमेळाचा खर्च करावा.

दुसरी गोष्ट कागदाची. सन १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें शब्द, चाल व ध्वनिमुद्रण ह्यांचे हक्क निरनिराळे आहेत. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखी व सहीनिशींच द्यावा लागतो. मुदत लिहिली नसल्यास ती पांच वर्षें धरतात, व प्रदेश लिहिला नसल्यास हिंदुस्थानापुरताच. सन २०१२ च्या दुरुस्तीनें कवि व संगीतकार ह्यांना मानधनाचा बरोबरीचा वाटा राखून ठेविला असून, वारस वा हक्कसंस्था ह्यांवांचून तो इतरांस लिहून देतां येत नाहीं. शब्दांची मोडतोड होऊन लौकिकास बाध येत असेल तर कवीस हरकतहि घेतां येते. तेव्हां काय करून मिळणार, किती वेळां दुरुस्ती होणार, नांवें कोणाचीं लागणार व मूळ मुद्रण कोणाकडे राहणार, ह्या चार गोष्टी पैसे देण्यापूर्वींच लिहून घ्याव्या.

पुतण्यानें आतां दुसरें पद लिहिलें आहे. ह्या खेपेस करारपत्राचा मसुदा त्याच्या वडिलांनींच केला. वकिली त्यांची, कविता त्याची. कच्ची चाल आली त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर सारे ओसरीवर बसून ऐकत होते. ऐकून झाल्यावर वडील कांहीं बोलले नाहींत. "पुन्हां एकदां लाव," एवढेंच म्हणाले.

राम जोश्यांस घर सोडावें लागलें. आमच्या मुलांवर ती पाळी येऊं न देणें आपल्याच हातीं आहे.