कुमुदवनातील गळ

मध्य फ्लॉरिडातील किसिमी सरोवराच्या उथळ काठाशी सूर्योदयापूर्वी होडी नेली, तर पाणी म्हणून काही दृष्टीस पडतच नाही. दिसतात ती केवळ पाने, एकीला दुसरी भिडून दूरवर पसरलेली, आणि त्यांवरून एखादा बेडूक उडी घेऊन मधल्या फटीत नाहीसा झाला म्हणजेच या हिरव्या भुईखाली जलाशय आहे, याची खूण पटते. या पानांच्या छपराखाली लार्जमाउथ बास नावाचा मासा राहतो. त्याचा जबडा मिटलेला असतानाही डोळ्याच्या मागेपर्यंत पोचतो, अंग हिरवट असते आणि कुशीवरून एक काळसर पट्टा गेलेला असतो. या माशाच्या मागे अमेरिकेतील लक्षावधी माणसे पहाटे घराबाहेर पडतात. १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी या शेतकऱ्याने धरलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या बासची कथा तिकडे आजही सांगितली जाते. परंतु उघड्या पाण्यात बास धरणे निराळे आणि कुमुदांच्या रानात धरणे निराळे. या दुसऱ्या मामल्यात साधनांची निवड चुकली, तर तिची शिक्षा माणसाला नव्हे, माशाला भोगावी लागते.

हे मी स्वानुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याच्या होडीतून मी या सरोवरावर प्रथम गेलो, तेव्हा कोकणात खाडीच्या काठी बसून गरवण्याचा जो काही अनुभव गाठीस होता त्याच्या भरवशावर मी बारीक तंगूस आणि हलकी, लवचीक दांडी बरोबर घेतली होती. “मामा, मासा लागेल कसा, हे मागाहून बघू, लागला तर बाहेर कुठून काढायचा, ते आधी ठरवा,” असे भाचा म्हणाला, पण ते मी मनावर घेतले नाही. तासाभरात एक मोठा मासा लागला, त्याने डोके खाली घालून देठांच्या गर्दीत बुडी मारली, तंगूस चार-पाच देठांभोवती गुरफटला आणि तुटला. जबड्यात रुतलेला गळ आणि मागे लोंबणारा हातभर दोर घेऊन तो मासा पानांखाली गेला. त्याचे पुढे काय झाले असेल, हा विचार अद्याप मला अस्वस्थ करतो, आणि भाच्याच्या त्या वाक्यात या विद्येचे सारे सूत्र होते, हे तेव्हापासून मला कळले आहे.

सामान्य माणूस ज्यांना सरसकट कुमुदाची पाने म्हणतो, ती तिकडे प्रामुख्याने तीन वनस्पतींची असतात. पहिली सुगंधी पांढरे कुमुद. हिचे वाटोळे पान एका बाजूस खोल चिरलेले असून पाण्यावर सपाट तरंगते, आणि देठ लवचीक असतो. दुसरी पिवळ्या, गेंदासारख्या फुलाची; हिचे पान हृदयाकृती, पुष्कळदा पाण्याच्या वर उभे राहिलेले, देठ दणकट, आणि चिखलातले आडवे खोड मनगटाहून जाड. फ्लॉरिडाचे लोक हिला ‘बॉनेट’, म्हणजे टोपडे, म्हणतात. तिसरी पिवळे कमळ. हे आपल्या कमळाचे सख्खे भावंड होय, कारण या वंशात वनस्पतिशास्त्र दोनच जाती मानते, एक आपल्या मुलखातली आणि एक अमेरिकेतली. याच्या पानास चीर नसते आणि देठ बरोबर मध्यभागी जोडलेला असतो. गळ टाकणाऱ्यास फुलाच्या रंगाशी कर्तव्य नसले, तरी देठाशी आहे. चिरेच्या पानात दोर त्या चिरेत जाऊन अडकतो. टोपड्याचा देठ सहजी तुटत नाही. कमळाचे पान वर उचललेले असल्यामुळे त्याच्या खालून आमिष सरकवण्यास वाव मिळतो.

मासा तेथे का राहतो, याचे उत्तर त्याच्या स्वभावात आहे. बास हा मैलभर पाठलाग करणारा शिकारी नव्हे. तो दबा धरतो, भक्ष्य टप्प्यात येताच जबडा इतक्या त्वरेने उघडतो की, त्या पोकळीत पाणी आणि भक्ष्य एकदमच ओढले जातात. अशा प्राण्यास सावली हवी, आडोसा हवा, आणि दारावरून जाणारे लहान मासे, बेडूक व चतुर हवेत; पानांचे रान हे तिन्ही पुरवते. म्हणूनच एकसारख्या, अखंड पानांच्या मध्यभागी गळ टाकण्यात सकाळ घालवू नये. जेथे पानांची जिव्हा पाण्यात पुढे आलेली असते, जेथे मध्येच परातीएवढी मोकळी जागा असते, जेथे एखादे बुडालेले झाड आहे, अथवा जेथे कुमुदांची हद्द संपून लव्हाळ्यांची सुरू होते, तेथे मासा असण्याचा संभव अधिक.

आता साधनांकडे वळू, आणि भाच्याच्या ताकिदीप्रमाणे उलट्या क्रमाने, म्हणजे दोरापासून प्रारंभ करू. नायलॉनचा तंगूस ताणला की लांबतो. उघड्या पाण्यात हा त्याचा गुण, कारण माशाचे हिसके तो पचवतो, परंतु पानांत हाच दोष ठरतो, कारण गळ रुतवण्यासाठी दिलेला झटका वाटेतच विरतो आणि तेवढ्या अवधीत मासा देठांना वळसा घालतो. म्हणून येथे पॉलिएथिलीनच्या सूक्ष्म तंतूंचा विणलेला दोर वापरतात, तोही ५० ते ६५ पौंडांचा. ५० पौंडांचा असा दोर जाडीने सुमारे १२ पौंडांच्या तंगुसाएवढाच भरतो. तो जवळजवळ लांबत नाही, पाण्यावर तरंगतो, आणि ताण बसला म्हणजे मऊ देठ करवतीसारखा कापीत येतो. आठ-दहा पौंडांच्या माशासाठी एवढे बळ कशाला, अशी शंका नवख्यास येते. पण बाहेर ओढावयाचा असतो तो केवळ मासा नव्हे, तर मासा आणि त्याच्या डोक्यावर गोळा झालेला पानांचा भारा, आणि त्याचे वजन माशाहून अधिक भरू शकते.

दोर ठरला की दांडी आपोआप ठरते. सात ते साडेसात फूट लांब, कण्यात ताठ आणि केवळ शेंड्यास किंचित नरम, अशी दांडी घ्यावी. शेंडा नरम नसेल तर आमिष नेमक्या जागी पडत नाही, आणि कणा ताठ नसेल तर माशाचे डोके वर ठेवता येत नाही. रीळ दांडीच्या वर बसणारे, आडव्या फिरकीचे असावे. या जातीच्या रिळाचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकी राज्यात झाला, आणि जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीस त्याचे श्रेय देतात. दातेरी चाकांची ती कारागिरी पाहिली की घड्याळजीचे हात ओळखू येतात. आज पानांत वापरायच्या रिळात मुठीच्या एका फेऱ्यास फिरकीचे सात किंवा अधिक फेरे व्हावेत, म्हणजे सैल दोर तत्काळ गुंडाळला जातो.

आमिषाचा विषय मात्र रमण्याजोगा आहे. मिशिगनमधील डोवाजिॲक गावी जेम्स हेडन हा गृहस्थ तळ्याकाठी लाकडाचा तुकडा तासत बसला होता, त्याने तो सहज पाण्यात भिरकावला आणि बासने त्यावर झडप घातली, अशी आख्यायिका आहे. पुढे त्याने लाकडाचे बेडूक कोरले आणि त्यातून एक मोठा व्यवसाय उभा राहिला. १९४९ साली ओहायोतील ॲक्रन येथे निक क्रीम याने मऊ प्लास्टिकचे गांडूळ साच्यात ओतले, आणि या छंदाचे अर्थशास्त्रच पालटले. पण कुमुदवनाचा खरा राजा म्हणजे पोकळ रबरी बेडूक. त्याच्या पोटाखालून निघालेल्या दोन गळांची टोके पाठीशी वर वळून अंगाला चिकटलेली असतात, त्यामुळे तो पानांवरून निर्वेध सरकतो; मासा तोंडात घेतो तेव्हा पोकळ अंग दबते आणि टोके उघडी पडतात. आपल्याकडे मरळ धरण्यासाठी गळाला जिवंत बेडूक लावण्याची जुनी पद्धत आहे. रबरी बेडकाने तेच कार्य त्या जीवाला यातना न देता साधते, म्हणून मला ते अधिक प्रिय. बेडकाच्या रंगांचा मोह धरू नये, कारण मासा त्याचे पोट खालून, आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहतो: पहाटे व ढगाळ दिवशी काळा, लख्ख उजेडात पांढरा किंवा पिवळसर, एवढे बहुधा पुरते.

पाने विरळ असतील तर १९२० च्या दशकापासून प्रसिद्ध असलेला जॉन्सन सिल्व्हर मिनो हा चमचा अद्याप उत्तम. गळाच्या टोकापुढे एक तार असल्याने तो अडकत नाही, आणि वळवळतो पण गरगर फिरत नसल्याने दोराला पीळ पडत नाही. उलट पाने दाट असून दुपारच्या उन्हात मासा तळाशी गेला असेल, तर गळाचे टोक प्लास्टिकच्या गांडुळाच्या अंगातच लपवून, पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे वजन घट्ट बसवून, ते फटीतून सरळ खाली सोडावे. या रचनेस टेक्सास रिग म्हणतात. बाकीची शेकडो आमिषे दुकानात सुंदर दिसतात. पानांत बहुतेक निरुपयोगी होत, कारण त्यांचे उघडे त्रिशूळ पहिल्याच पानाला विंधतात.

बेडूक पानांवरून लहान लहान झटक्यांनी चालवावा आणि मोकळ्या जागेच्या कडेला आला की थांबवावा. बरेचसे मासे या विरामातच येतात. पाण्याचा स्फोट होतो, बेडूक नाहीसा होतो, आणि तत्क्षणी दांडी खेचण्याची जी ऊर्मी उठते तिचा निग्रह करणे हे या विद्येतील सर्वांत कठीण काम; मासा पुष्कळदा पानासकट झडप घालतो आणि बेडूक त्याच्या तोंडात पोचलेलाच नसतो. दोरावर प्रत्यक्ष भार जाणवेपर्यंत थांबावे, मग मात्र सर्व बळाने दांडी वर घ्यावी आणि माशास डोके खाली घालण्याची मुभा देऊ नये. तो पानांच्या पृष्ठभागावर आला की घसरत येतो. अडकलाच, तर ओढाताण न करता होडी त्याच्यापाशी न्यावी आणि हाताने पाने बाजूला करावीत.

ऋतूचाही अंमल येथे चालतो. वसंतात कुमुदांच्या मुळांच्या आसपासची कठीण जमीन झाडून नर घरटे करतो आणि अंड्यांची राखण करतो. त्या काळात लागलेला मासा क्षणाचाही विलंब न लावता होता तेथेच सोडावा. उत्तरेकडील राज्यांत शरद ऋतूत पाने तपकिरी पडून कुजू लागतात, कुजताना पाण्यातील प्राणवायू ओढून घेतात, आणि उन्हाळ्यात गजबजलेले रान मासे सोडून जातात.

परवान्यावाचून दांडी हाती घेऊ नये. फ्लॉरिडात पाहुण्यासही तीन दिवसांचा, सात दिवसांचा किंवा वर्षाचा परवाना मिळतो, आणि दिवसाकाठी पाच बास ठेवण्याची परवानगी असली तरी १६ इंच वा त्याहून मोठा असा त्यांत एकच असावा, असा नियम आहे. रे स्कॉट याने १९६७ साली अर्कान्सातील बीव्हर सरोवरावर बासच्या स्पर्धांची मोठी परंपरा सुरू केली, आणि १९७२ साली त्यानेच धरलेला मासा जिवंत सोडण्याचा शिरस्ता आपल्या स्पर्धांत पाडला. हा त्याचा उपकार मी त्या स्पर्धांहून मोठा समजतो.

भाचा प्रत्येक मासा सोडल्यावर दोराचे शेवटचे चार-पाच हात ओल्या बोटांमधून ओढून पाहतो. देठांवर घासून जेथे धागा पिंजल्यासारखा लागतो, तेथे तो कात्री लावतो, आणि दोर दुहेरी करून पॅलोमारची गाठ नव्याने मारल्यावाचून बेडूक पुन्हा पानांवर टाकीत नाही.