एमआयडीसीतल्या मोकळ्या जागेत लिंबू, मोसंबी की संत्रा?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या कारखान्यांमागे दोन-चार झाडांपुरती जागा बऱ्याचदा असते. तिथे माझी पहिली पसंती कागदी लिंबाला, आणि त्यातही राहुरी कृषी विद्यापीठाच्या ‘साई शरबती’ला. रस भरपूर, साल पातळ, शिवाय खैऱ्या रोगापुढे साध्या कागदीपेक्षा चांगली टिकते. परभणीच्या ‘विक्रम’ आणि ‘प्रमालिनी’ला फळं घोसानं लागतात.

उन्हाळ्यात लिंबाला भाव असतो, म्हणून सगळ्यांना तेव्हा फळ देणारा हस्त बहार हवा असतो. पण त्यासाठी पावसाळ्याच्या शेवटी झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो, आणि आपल्याकडे सप्टेंबरातच पाऊस जोरात असतो. त्यामुळे पाणी न साचणारी, निचऱ्याची जागाच निवडा.

मोसंबी हवी असेल तर ‘न्यूसेलर’ घ्या, तीही रंगपूर लाइमच्या खुंटावर डोळा भरलेली. हा खुंट कोरडेपणा आणि चुनखड बऱ्यापैकी सोसतो.

नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. फळ अप्रतिम, पण इथे मी ते सुचवणार नाही. इथल्या चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात.

प्लॉटवर बांधकामाचा राडारोडा पुरलेला असेल, तर खड्ड्यातून सिमेंटचे तुकडे आधी वेचून काढा. त्यानंही मातीतला चुना वाढतो.