फोनमध्ये कोण जागं, कोण झोपलेलं?

फोन हँग व्हायला लागला की घरातलं कुणीतरी मोठं माणूस हमखास एक उपाय करतं. स्क्रीनच्या खालचं चौकोनी बटण दाबायचं (काही फोनवर बोट खालून वर सरकवून थांबायचं), की उघडलेल्या अ‍ॅप्सची चित्रं ओळीने समोर येतात. मग ती एकेक करून वर ढकलत सुटायचं. हे गेलं, ते गेलं, कॅमेरा गेला, नकाशा गेला! "आता बघ कसा पळतो!" तुमच्यापैकी कितीतरी जण हेच करत असतील.

मित्रांनो, आधी एक गंमत करून बघू या. अ‍ॅप्स वर न ढकलता फोन पूर्ण बंद करा आणि पुन्हा चालू करा. फोन उठला की एकही अ‍ॅप न उघडता तेच चौकोनी बटण दाबा. बहुतेक फोनवर मघाचीच यादी दिसेल. तीच अ‍ॅप्स, तीच चित्रं! आता सांगा, फोन तर नुकताच जागा झालाय, आपण काहीच उघडलेलं नाही, मग ही मंडळी 'चालू' कशी?

ती चालू नसतातच. ती यादी चालू असलेल्या अ‍ॅप्सची नाही, अलीकडे वापरलेल्या अ‍ॅप्सची आहे. तुम्ही एखाद्या अ‍ॅपमधून बाहेर पडता तेव्हा फोन त्या स्क्रीनचा एक फोटो काढून ठेवतो. यादीत दिसतो तो हा फोटो. त्यामागचं अ‍ॅप कदाचित झोपलेलं असेल, कदाचित फोनने ते कधीच बंदही करून टाकलं असेल. फोटोवरून काही कळत नाही. कोणाला झोपू द्यायचं आणि कोणाला बंद करायचं, याचा निर्णय फोन दिवसभर आपल्या नकळत घेत असतो. तो कसा घेतो, हे मला फोनमधलं सगळ्यात सुंदर काम वाटतं.

त्यासाठी आधी रॅम समजून घ्यायला हवी. फोनमध्ये दोन प्रकारची साठवण असते. फोटो, गाणी, अ‍ॅप्स कायमची राहतात ते स्टोरेज. ते १२८ किंवा २५६ जीबी असं भरपूर असतं. ते म्हणजे घराचा माळा. रॅम मात्र ४, ६, ८ जीबी अशी बेताची असते. ती म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. माळ्यावर खूप मावतं, पण प्रत्येक वस्तू काढायला स्टूल लागतं. ओट्यावर जागा थोडी, पण हात लांब केला की वस्तू हातात. आता सांगा, पोळ्या करणारं माणूस एक पोळी झाली की पोळपाट धुऊन-पुसून माळ्यावर ठेवतं आणि दुसऱ्या पोळीसाठी पुन्हा स्टूल आणतं का? अ‍ॅप वर ढकलून देणं आणि दोन मिनिटांनी तेच परत उघडणं, हे नेमकं असं आहे. सगळं सामान माळ्यावरून पुन्हा उतरवायचं. त्यात वेळही जातो आणि बॅटरीही.

"पण रॅम रिकामी ठेवली तर वीज वाचेल ना?" असं कुणीतरी विचारणारच. छान प्रश्न आहे. त्याचं उत्तर रॅमच्या पोटात आहे.

रॅममध्ये प्रत्येक बिट, म्हणजे प्रत्येक शून्य किंवा एक, एका इवल्याशा कॅपॅसिटरमध्ये साठवलेला असतो. त्यात विजेचा भार असला की एक, नसला की शून्य. एक बिट साठवायला एक कॅपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर (म्हणजे इवलासा स्विच), एवढं पुरे होतं, ही कल्पना आयबीएम कंपनीतल्या रॉबर्ट डेनार्ड या संशोधकाची. १९६८ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. ८ जीबी रॅममध्ये असे जवळजवळ ६,९०० कोटी कॅपॅसिटर असतात! पण ते गळके असतात. त्यांच्यातला भार हळूहळू निसटत राहतो. म्हणून फोनला दर सेकंदाला अनेकदा सगळे बिट वाचून पुन्हा भरावे लागतात. आणि हे भरणं साधारणपणे सगळ्याच रॅमसाठी चालतं, तिथे कामाचं काही असो वा नसो. म्हणजे रॅममध्ये एखादं अ‍ॅप गाढ झोपलेलं असेल, तर त्या जागेला जेवढी वीज लागते, जवळपास तेवढीच ती जागा मोकळी असतानाही लागते. मोकळ्या रॅमने काहीच वाचत नाही. उलट ती नुसती पडून राहते.

आणि झोपलेलं अ‍ॅप खरंच झोपलेलं असतं बरं का! तुम्ही खेळातून बाहेर आलात की फोन थोड्या वेळाने त्याला प्रोसेसरचा, म्हणजे फोनच्या मेंदूचा, वेळ देणं थांबवतो. खेळातली गाडी जिथे होती तिथेच गोठते. नुसती मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, जागा अडवून बसते, काम काही करत नाही.

मग मेमरी भरत आली की काय होतं? अँड्रॉइड फोनमध्ये प्रत्येक अ‍ॅपला सतत एक आकडा दिलेला असतो. आकडा जितका मोठा, तितका त्याच्या मेमरीतून काढल्या जाण्याचा धोका मोठा. तुम्ही आत्ता ज्या अ‍ॅपवर बोट फिरवताय त्याला शून्य. त्याला हात लावायचा नाही! मागे अर्धवट दिसतंय अशा अ‍ॅपला १००. गाणं वाजवणारं अ‍ॅप दिसत नाही, पण ऐकू येतं ना? म्हणून त्याला २००च्या आसपास. गाणं मध्येच बंद पडलं तर तुम्हाला लगेच कळेल, हे फोन जाणतो. सगळी चिन्हं दाखवणारी होम स्क्रीन हेही एक अ‍ॅपच, तिला ६००. आणि मला सगळ्यात आवडतो तो ७०० हा आकडा. तो राखून ठेवलाय तुम्ही आत्ताच सोडून आलेल्या अ‍ॅपसाठी. कारण माणसं दोन अ‍ॅप्समध्ये ये-जा करतात. निबंध लिहिताना शब्दकोश पाहतात, पुन्हा निबंधाकडे येतात. ही आपली सवय ओळखून कुणा इंजिनिअरने त्या एका अ‍ॅपसाठी वेगळी जागा केली. बाकीची झोपलेली मंडळी ९००च्या पुढे. त्यांच्यात जे जास्त दिवसांपासून वापरलेलं नाही, त्याचा नंबर सहसा आधी लागतो. आणि फोनचा गाभा चालवणारे भाग? त्यांचे आकडे शून्याच्याही खाली, उणे ९०० वगैरे!

हे आकडे पाहून प्रत्यक्ष काढण्याचं काम करणारा एक छोटासा प्रोग्रॅम फोनमध्ये सदैव पहाऱ्यावर असतो. पूर्वी तो किती मेमरी मोकळी उरली एवढंच मोजायचा. २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून तो आणखी शहाणा झाला. मेमरी मिळेपर्यंत बाकीच्या कामांचा किती वेळ नुसता थांबण्यात जातोय, हे तो पाहतो. कामं खोळंबायला लागली की सगळ्यात मोठ्या आकड्याचं अ‍ॅप काढतो. जागा झाली की थांबतो. म्हणजे जरूर तेवढीच साफसफाई.

कमी महत्त्वाचं सोडून महत्त्वाचं वाचवणं ही युक्ती फोनपेक्षा खूप जुनी आहे, आणि एकदा तिच्यावर दोन माणसांचे प्राण अवलंबून होते. २० जुलै १९६९. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरत होते आणि शेवटच्या काही मिनिटांत यानाच्या संगणकाने इशारा दिला: १२०२. अर्थ असा, की हाताशी असलेली मेमरी भरली, नवं काम ठेवायला जागा नाही! त्या क्षणी गरज नसलेल्या एका रडारकडून संगणकाला निष्कारण संकेत येत राहिले होते आणि त्यांत त्याचा वेळ खर्च होत होता, म्हणून कामं वेळेत न संपता साचत होती. पण हा संगणक बनवणाऱ्या एमआयटीतल्या मंडळींनी आधीच प्रत्येक कामाला महत्त्वाचा क्रम दिला होता. संगणकाने स्वतःला क्षणार्धात नव्याने सुरू केलं, बिनमहत्त्वाची कामं सोडून दिली आणि उतरण्याचं काम चालू ठेवलं. यान सुखरूप उतरलं. त्या संगणकाची लिहिता-पुसता येणारी मेमरी किती होती? जेमतेम ४ केबी. तुमचा फोन रॅमची वाटणी करताना तिचे छोटे तुकडे पाडतो. अशा एका तुकड्याला 'पेज' म्हणतात आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये एक पेज असतं ४ केबीचं! चांद्रयानाची ती सगळी मेमरी म्हणजे आपल्या फोनचं एक पेज. ८ जीबीच्या फोनमध्ये अशी जवळजवळ २१ लाख पेजेस असतात.

तरी ती कमी पडतात, हे खरं. कारण अ‍ॅप्सही तशीच अवाढव्य झाली आहेत. २००८ साली बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनची रॅम १९२ एमबी होती. तेव्हापासून इंजिनिअर जागा वाचवण्याच्या नवनव्या युक्त्या शोधताहेत. त्यातली एक म्हणजे झोपलेल्या अ‍ॅपची पेजेस दाबून लहान करायची आणि रॅमच्याच एका कोपऱ्यात ठेवायची. बऱ्याचदा ती निम्म्याहून कमी जागेत मावतात. अ‍ॅप जागं झालं की पुन्हा उलगडायची. दुसरी युक्ती तर फारच देखणी आहे. फोन सुरू होतानाच झायगोट नावाचा एक प्रोग्रॅम उठतो आणि सगळ्या अ‍ॅप्सना लागणारं सामाईक सामान मेमरीत आणून ठेवतो. तुम्ही कुठलंही अ‍ॅप उघडलं की झायगोट आपली एक प्रत काढतो आणि ती प्रतच ते अ‍ॅप बनते. सामाईक सामान मात्र पुन्हा आणायचं नाही, सगळ्यांनी मिळून एकच वापरायचं. एखाद्याला त्यात बदल करायचा असेल, तर फक्त तेवढ्या पेजची त्याच्यापुरती वेगळी प्रत निघते.

आता तुम्ही म्हणाल, फोन अ‍ॅप्स काढून टाकतो, तर आपल्याला ते कळत कसं नाही? कारण तुम्ही अ‍ॅपमधून बाहेर पडताना अँड्रॉइड त्याला सांगतो, "परत यायला लागेल तेवढं लिहून ठेव." अ‍ॅप चटकन एक छोटी नोंद करतं: कुठलं पान उघडं होतं, कुठपर्यंत वाचून झालं होतं. नंतर ते काढलं गेलं तरी नोंद उरते. तुम्ही परत आलात की अ‍ॅप नव्याने उभं राहतं, नोंद वाचतं आणि तुम्हाला त्याच ओळीवर आणून सोडतं. एखादं अ‍ॅप तुम्ही वर ढकललेलं नसतानाही परत उघडल्यावर पहिल्या पानापासून सुरू होत असेल, तर ते बनवणाऱ्याने ही नोंद बहुधा नीट लिहिलेली नाही, असं समजा.

आणि मेसेज? अ‍ॅप मेमरीत नसताना मेसेज आल्याचं कसं कळतं? त्यासाठी प्रत्येक अ‍ॅपने जागं राहायची गरज नसते. फोनची एक सामाईक सेवा इंटरनेटशी जोडलेली असते. निरोप आला की ती नेमक्या त्या अ‍ॅपला उठवते.

आयफोनची तऱ्हा थोडी वेगळी असली तरी मूळ विचार हाच. २००७ सालच्या पहिल्या आयफोनमध्ये १२८ एमबी रॅम होती. बाहेरच्या कंपन्यांच्या अ‍ॅप्सना पडद्यामागे राहून थोडंफार काम करायची परवानगी २०१० मध्ये मिळाली, तीही मोजक्या कामांसाठी. अ‍ॅप्स वर ढकलण्याची सवय तिथेही आहे. २०१६ साली अ‍ॅपलचे क्रेग फेडेरिगी आणि अँड्रॉइडचे हिरोशी लॉकहायमर या दोघांनीही लोकांना सांगितलं होतं, की बॅटरीसाठी अशी अ‍ॅप्स बंद करायची गरज नाही. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्यांचं इथे एकमत आहे!

मग कधीच बंद करायचं नाही का? करायचं की. एखादं अ‍ॅप अडकलं, दाबलं तरी हलेना, तर ते एकटं बंद करा. सेटिंगमध्ये बॅटरीची यादी असते, तिथे एखादं अ‍ॅप न वापरताही खूप बॅटरी खाताना दिसलं, तर त्याचा बंदोबस्त करा. स्टोरेज काठोकाठ भरलं असेल तर फोन त्यानेही हळू होतो, तेव्हा नको असलेले व्हिडिओ काढा. आणि 'रॅम साफ करणारी' वेगळी अ‍ॅप्स मात्र घेऊ नका. ती स्वतःच जागा अडवतात आणि फोनने विचार करून ठेवलेली अ‍ॅप्स हटवतात.

माझ्यावर नुसता विश्वास ठेवू नका, मोजून बघा. घरच्यांना विचारून फोन घ्या आणि दुसऱ्या फोनवर किंवा घड्याळावर स्टॉपवॉच लावा. एखादा मोठा खेळ वर ढकलून बंद करा, मग उघडा आणि खेळता येईपर्यंत किती सेकंद लागले ते लिहा. आता होम स्क्रीनवर या, दहापर्यंत अंक मोजा आणि तोच खेळ न ढकलता पुन्हा उघडा. हेही सेकंद लिहा. असं चार-पाच वेळा करा. मध्ये कॅमेरा, नकाशा, व्हिडिओ अशी जड अ‍ॅप्स उघडून आलात तर खेळ अजून झोपलेलाच सापडतो की काढला गेलेला असतो, हेही बघा. शेजारी फोनची रॅम लिहायला विसरू नका, आणि हाच प्रयोग कमी किंवा जास्त रॅमच्या दुसऱ्या फोनवर करून दोन्ही तक्ते समोरासमोर ठेवा.