ताईंच्या हातातला संगणक

खारदांडा असो की गडचिरोली, अंगणवाडीत पूर्वी बाळाचे नाव आणि वजन जाड रजिस्टरात मराठीत लिहिले जाई. २०१९ साली शासनाने महाराष्ट्रातील सेविकांच्या हाती मोबाइल दिला. मोबाइल कसला, हातात मावणारा संगणकच तो! कुठे बोट टेकवायचे, कुठे सरकवायचे, मागे कसे यायचे, हे चाळिशी-पन्नाशीच्या भगिनीही शिकल्या. पहिले ॲप मराठीत होते. २०२१ मध्ये केंद्राचे 'पोषण ट्रॅकर' आले आणि नावे इंग्रजीत भरा, असे झाले. मराठीत उत्तम लिहिणारी बाई एका रात्रीत अडाणी ठरली! त्यात फोनची रॅम अवघी २ जीबी. ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी हजारो फोन शासनाला परत केले. संगणकाला विरोध म्हणून नव्हे; त्यांना मराठी ॲप आणि धड चालणारा फोन हवा होता. पुढे ॲपला मराठीसह अनेक भाषा मिळाल्या.

घरी आईला फोन शिकवताना मुलांनी आधी सेटिंग्जमध्ये भाषा मराठी करून द्यावी. कीबोर्डलाही मराठी जोडावी. मग पृथ्वीगोलाचे चिन्ह दाबले की अक्षरे बदलतात. आणि फोन आईच्याच हातात राहू द्यावा. आपण भराभर दाबून दाखवले, तर तिला काहीच उमगत नाही.