कॉलरमागचं लेबल

एक काम करा. आत्ता अंगात जो शर्ट किंवा टॉप आहे ना, त्याच्या कॉलरमागचं लेबल बघा. स्वतःचं दिसत नसेल तर शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राचं बघा, फक्त आधी कारण सांगा! ब्रँडचं नाव सोडून द्या. त्याच्या खाली बारीक अक्षरात एका देशाचं नाव असतं. मॉलमधल्या परदेशी ब्रँडचा कपडा असेल, तर तिथे ‘मेड इन बांगलादेश’ लिहिलेलं असण्याची बरीच शक्यता आहे.

माझं पोटच या लेबलवर चालतं. मी एका बाइंग हाउसमध्ये मर्चंडायझर आहे. म्हणजे काय, तर परदेशातल्या दुकानदाराला हवा तसा शर्ट, हव्या त्या तारखेला, हव्या त्या किमतीत शिवून घेऊन द्यायचा. दिवसभर ई-मेल, सॅम्पल, बटणांच्या शेड्स आणि ‘शिपमेंट कुठवर आली?’ हा एकच प्रश्न. ऑफिस लोअर परळला, काचेच्या चकचकीत टॉवरमध्ये.

हा टॉवर उभा आहे तिथे पूर्वी कापड गिरणी होती. माझे आजोबा जवळच्याच दुसऱ्या गिरणीत साचा खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. त्यातले कितीतरी जण परत आत गेलेच नाहीत. आजोबाही नाहीत. ते पुढे एका बिल्डिंगवर वॉचमन झाले. आजीने घरी शर्टांचं काम घ्यायला सुरुवात केली. शिवून झालेल्या शर्टांचे गठ्ठे खोलीत येऊन पडायचे. लोंबणारे धागे कात्रीने कापायचे, बटणं लावायची, घड्या घालायच्या. पैसे डझनावर.

हे घरगुती पुराण लावायचं कारण म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने मला पहिल्यांदाच ढाक्याला पाठवलं. तिथे एका कारखान्यात मला आजीचं काम दिसलं. फक्त ते करणारी आजी वीस वर्षांची होती.

आशुलिया, सकाळचे साडेसात

ढाक्याचं ट्रॅफिक बघितलं आणि आपला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे मला एकदम गुणी बाळ वाटायला लागला. शहराबाहेर आशुलियाला पोचायचं म्हणून पहाटेच निघालो होतो. उजाडता उजाडता रस्त्याच्या दोन्ही कडांनी बायका चालताना दिसायला लागल्या. दहा-वीस नाही, हजारो. रंगीबेरंगी सलवार-कमीझ, हातात डबा, पायात सपाता, चाल झपझप. आठच्या आत गेटच्या आत पोचायचं होतं. गिरणगावात भोंगा झाला की माणसांचा असाच लोंढा निघायचा, असं लहानपणापासून ऐकत आले होते. तो लोंढा मी पहिल्यांदा पाहिला तो परदेशात.

आत एकामागोमाग शिलाई मशिनं. एकजण फक्त कॉलर लावते, दुसरी फक्त कफ, तिसरी फक्त खिसा. अख्खा शर्ट कुणीच शिवत नाही, तरी लाइनच्या शेवटी अख्खा शर्ट बाहेर पडतो. तिथेच ती उभी होती, हातात छोटा कटर घेऊन. धागे कापत. या कामाला तिथे ‘हेल्पर’ म्हणतात आणि पगाराच्या शिडीवरची ती सगळ्यात खालची पायरी.

मोडकंतोडकं हिंदी आणि सोबतच्या सुपरवायझरचं भाषांतर, अशा आमच्या गप्पा झाल्या. मुलगी उत्तरेकडच्या रंगपूर भागातली. तिकडे भात कापणीच्या आधीचे काही महिने हाताला काम नसायचं आणि घरात दाणा नसायचा. त्या उपासमारीच्या दिवसांना ‘मोंगा’ असं खास नावच आहे. आईने ते दिवस भरपूर काढले होते. ही मात्र दर महिन्याला मोबाइलवरून घरी पैसे पाठवते. धाकटी बहीण शाळेत आहे. “तिला पण इथे आणणार?” मी विचारलं. ती हसली. “ना, आपा. ती ऑफिसात बसेल. तुमच्यासारखी.”

एकशे तीस जण आणि एक कारखाना

१९७१ साली जन्माला आलेला हा देश. आधी चक्रीवादळ, मग युद्ध, मग १९७४ चा दुष्काळ. विकायला होता तो ताग, आणि प्लॅस्टिक आल्यावर त्यालाही कुणी विचारेना. मग शर्ट आला कुठून?

सांगते. त्या काळात श्रीमंत देशांनी ‘मल्टी फायबर अ‍ॅरेंजमेंट’ नावाची भानगड करून ठेवली होती. कुठल्या देशाकडून किती कपडे घ्यायचे, याचा कोटा ठरलेला. दक्षिण कोरियाच्या कंपन्यांना हा कोटा टोचायला लागला. बांगलादेश कुणाच्या खिजगणतीतच नव्हता, त्यामुळे त्याच्या हातापायात ही बेडी नव्हती. नूरुल कादर या माजी सनदी अधिकाऱ्याने नेमकं हे हेरलं. १९७८ मध्ये त्यांच्या ‘देश गार्मेंट्स’ने कोरियाच्या देवूशी करार केला. हो, तीच देवू, जिच्या सिएलो आणि मटीझ गाड्या आपल्याकडे धावायच्या!

१९७९ मध्ये १३० बांगलादेशी कोरियात बुसानला शिकायला गेले. मशीन कसं चालवायचं, लाइन कशी लावायची, दर्जा कसा तपासायचा, परदेशी गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं, सगळं शिकून आले. १९८० मध्ये चितगावच्या कारखान्याने पहिल्या वर्षी ४३ हजार शर्ट शिवले. १९८७ पर्यंत हा आकडा २३ लाखांवर गेला. पण खरी मजा पुढेच आहे. त्या १३० पैकी ११५ जण काही वर्षांत नोकरी सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. कुठल्याही एचआर मॅनेजरला झीट यावी असं हे अ‍ॅट्रिशन! पण देशासाठी तेच वरदान ठरलं. एका कंपनीची विद्या देशभर पसरली.

सरकारनेही दोन साध्या गोष्टी केल्या. निर्यातीसाठी आणलेल्या कापडावर आयात कर माफ. माल कस्टमच्या नजरेखालच्या गोदामात ठेवा, शिवा आणि बाहेर पाठवा. दुसरी गोष्ट म्हणजे ‘बॅक टू बॅक’ एलसी. परदेशी गिऱ्हाइकाच्या बँकेने पैशांची हमी दिली, की त्या हमीच्या जोरावर ढाक्यातली बँक कापड मागवायला दुसरी हमी देणार. म्हणजे खिशात कापडाचे पैसे नसले तरी कारखाना चालू! आपल्याकडे त्याच काळात रेडीमेड कपडे शिवणं हा लघुउद्योगांसाठी राखीव धंदा होता. मोठा कारखाना काढायची सोयच नव्हती. हे धोरण बदलायला २००० साल उजाडलं.

गैरसमज नको. आजोबांचं काम काही ढाक्याला पळवलं गेलं नाही. गिरणीत कापड विणायचे, तिथे कपडे शिवतात. पण चार बुकं शिकलेल्या माणसाला दर महिन्याला पगार देणारी जी पायरी मुंबईत मोडत होती, तशीच एक पायरी नेमकी त्याच वर्षांत शेजारी बसवली जात होती.

शिडीची गोष्ट

अर्थशास्त्रवाले ज्याला ‘संरचनात्मक बदल’ असं भारदस्त नाव देतात, ते मला त्या लाइनवर उभं राहिल्यावर कळलं. माणसं शेतातून कारखान्यात जातात आणि त्यांची मुलं कारखान्यातून ऑफिसात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बांगलादेशच्या उत्पन्नात शेतीचा वाटा निम्म्याहून जास्त होता. आता तो बारा टक्क्यांच्या आसपास आहे. निर्यातीत ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा कपड्यांचा. या धंद्यात चाळीस लाखांच्या आसपास माणसं आहेत आणि त्यात निम्म्याहून जास्त बायका.

बायकांच्या हातात पैसा आला की काय होतं? रेचेल हीथ आणि मुश्फिक मोबारक या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच तपासलं. ज्या गावांजवळ कपड्यांचे कारखाने आहेत, तिथल्या मुलींची लग्नं उशिरा होतात, मुलं उशिरा होतात आणि लहान मुली शाळेत जास्त वर्षं टिकतात. कारण सरळ आहे. लिहिता-वाचता येणाऱ्या मुलीला कारखान्यात बरा पगार मिळतो, हे आई-बापांना दिसतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने अंदाज वर्तवला, की त्या वर्षी बांगलादेशचं दरडोई उत्पन्न १,८८८ डॉलर असेल आणि भारताचं १,८७७. अकरा डॉलरचा फरक, पण आपल्याकडे चॅनेलवर केवढा गदारोळ झाला होता! खरं तर कोविडने आपला आकडा घसरला होता आणि खरेदीशक्तीच्या मापाने आपण पुढेच होतो. पण पन्नास वर्षांपूर्वी ज्याच्याकडे सगळे दयेने बघायचे, तो शेजारी आता खांद्याला खांदा लावून उभा होता.

भेगा

आता या शर्टाची उलटी बाजू. २४ एप्रिल २०१३. ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना भेगा पडल्या होत्या. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली. वरच्या गार्मेंट कामगारांना मात्र कामावर यायला सांगितलं. अकराशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटनांनी कायद्याने बांधणारा सुरक्षा करार केला, हजारो इमारती तपासल्या गेल्या. मी गेले होते त्या कारखान्यात दर मजल्यावर आगीचे दरवाजे होते आणि ते खरंच उघडे होते. मी मुद्दाम ढकलून पाहिले.

पण भेगा फक्त भिंतींनाच नसतात. मी पोचायच्या महिनाभर आधी पगारासाठी मोठी आंदोलनं झाली होती, काही कामगारांचे जीव गेले होते. किमान पगार महिना आठ हजारांवरून साडेबारा हजार टका झाला. आपल्या हिशेबात तेव्हाचे साडेनऊ हजार रुपये. मागणी होती २३ हजारांची.

आणि आता कबुलीजबाब. त्याच आठवड्यात मी त्याच कारखान्याला एक मेल टाकला होता. ‘क्लायंट नाराज आहे. पीसमागे आठ सेंट कमी करता येतील का?’ ती मुलगी धागे कापत होती तेव्हा तो मेल माझ्या लॅपटॉपमध्ये होता.

तिसरी भेग पडली वरच्या पायरीवर. शिवणकामाने कमी शिकलेल्या मुलींना काम दिलं, पण मग ग्रॅज्युएट झालेल्या मुलांनी काय करायचं? त्यांच्यासाठी नोकऱ्या थोड्या आणि त्यातही सगळ्यांचा डोळा सरकारी नोकरीवर. तिथे तेव्हा ३० टक्के जागा स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांना राखीव होत्या. या कोट्यावरून जुलै २०२४ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, शेकडो माणसं मारली गेली आणि ५ ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना यांना देश सोडावा लागला. आशुलियातल्या त्या मुलीची बहीण ज्या ऑफिसात बसणार आहे, ते ऑफिस अजून पुरेसं बांधलंच गेलेलं नाही.

ते कसं बांधता येतं, हे बघायचं तर व्हिएतनामकडे बघा. १९८६ मध्ये ‘दोई मोई’ म्हणजे नूतनीकरणाचं धोरण आलं. त्यांनीही सुरुवात कपडे आणि बुटांपासूनच केली. पण तिथेच थांबले नाहीत. अमेरिकेशी व्यापार करार केला, २००७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि २००९ पासून हनोईजवळच्या बाक निन्हमध्ये सॅमसंगचे फोन तयार व्हायला लागले. आज त्यांच्या निर्यातीत सगळ्यात मोठा वाटा इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. त्यांचंही सगळं गोड नाही. कारखाने परदेशी आणि पुष्कळ सुटे भाग बाहेरचे. पण शिडीला दुसरी पायरी आहे. बांगलादेश पहिल्याच पायरीवर फार गर्दी करून उभा आहे.

आजीचा प्रश्न

परत येताना त्या कारखान्यातला एक सॅम्पल शर्ट घेऊन आले. आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. तिने चष्मा लावला, शर्ट उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं. एकही धागा लोंबत नव्हता.

“सफाई आहे हो पोरीच्या हाताला. किती मिळतात?”

मी सांगितलं.

“महिन्याच्या महिन्याला? का मालकाच्या मर्जीवर?”

“महिन्याच्या महिन्याला.”

“तिच्या स्वतःच्या हातात?”

“हो. तिच्याच मोबाइलवर.”

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग शर्टाची नीट घडी घातली, डझनात घालायची तशीच, कॉलर वर ठेवून.

“बरं आहे मग. तुम्ही लोक भाव नीट देता ना त्यांना?”

क्लायंटने शेवटी पाच सेंट पाडून घेतले होते. मी चहा ठेवायला उठले.