मासा विकत घेताना: 'दिसत नाही' आणि 'नाही'

आजचा विषय ऐकून पुढच्या रांगेतले दोघे-तिघे हसले, ते मी पाहिलं. तत्त्वज्ञानाचा मास्तर आणि खाऱ्या पाण्यातले शोभेचे मासे! पण गेली पंचवीस वर्षं माझ्या घरी समुद्री माशांचा टँक आहे, आणि अनुपलब्धी हे प्रमाण मला ग्रंथांनी समजावलं त्यापेक्षा त्या टँकने जास्त नीट समजावलं. महागात समजावलं, ते पुढे सांगतो.

भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धीला सहावं प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, त्यावरून तिथे घट नाही हे कळतं. नैयायिक म्हणतात, यासाठी वेगळं प्रमाण कशाला? तो वाद आज बाजूला ठेवू. महत्त्वाची आहे ती अट. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून 'घट नाही' असं म्हणायचा अधिकार मिळत नाही. 'असता तर दिसला असता का?' एवढा एकच प्रश्न खिशात घालून दुकानात जायचं.

आता दुकानात काय होतं बघा. आपण काचेजवळ जातो, मासा रंगीत आहे, अंगावर ठिपके नाहीत, पर फाटलेले नाहीत. म्हणतो, चांगला आहे, द्या. मरीन इक नावाचा जो रोग आहे, त्यात अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. तो परजीवी माशाच्या अंगावर साधारण तीन ते सात दिवस राहतो, मग सुटतो, तळाशी जाऊन स्वतःभोवती कोष करतो, आणि त्या कोषातून पुढे काही दिवसांनी, कधी कित्येक आठवड्यांनी, शेकडो पिल्लं बाहेर पडून नवा मासा शोधतात. म्हणजे तुम्ही ज्या दिवशी गेलात तो दिवस मधल्या फटीतला असू शकतो. शिवाय तो फक्त कल्ल्यांत असेल तर बाहेरून काय दिसणार? वेल्व्हेट तर त्याहून वाईट. तो बहुधा कल्ल्यांपासूनच सुरू होतो, आणि अंगावर बारीक सोनेरी धूळ दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. त्यात काही दुकानांत टँकमध्ये तांब्याचं औषध कायम थोडं घातलेलं असतं. रोग दबलेला राहतो, घरी आल्यावर डोकं वर काढतो. म्हणजे ठिपक्यांच्या बाबतीत दुकान ही अंधारी खोलीच.

मी हे वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं आणि एका रविवारी साफ विसरलो. एक निळा टँग घेतला. स्वच्छ, चपळ. घरी आणून सरळ मोठ्या टँकमध्ये सोडला. त्या टँकमध्ये क्लाऊनफिशची जोडी होती, नऊ वर्षांची. माझ्या पत्नीने आणलेली; ती गेल्यानंतरही मी सांभाळलेली. तेरा दिवसांत टँकमध्ये एकही मासा उरला नाही. टँग सगळ्यात शेवटी गेला.

मग बघायचं तरी काय? जे असतं तर दिसलंच असतं, ते. कल्ल्यांतला परजीवी दिसत नाही, पण त्याने होणारी धाप दिसते. काचेपासून दोन पावलं मागे उभे राहा, कारण जवळ गेलात की मासा बिचकतो किंवा खायला मिळेल म्हणून नाचतो. दहा मिनिटं काही करू नका. कल्ल्यांवरची झाकणं किती भरभर हलतात, ते त्याच जातीच्या शेजारच्या माशाशी ताडून बघा. एकाच बाजूचं झाकण हलतंय का, मासा पंपाच्या धारेत तोंड धरून बसलाय का, दगडाला अंग घासतोय का? दुकानदार म्हणेल, "सर, काल रात्रीच माल आलाय, प्रवासाने दमलाय." खरंही असेल. धाप प्रवासाचीही असते आणि रोगाचीही. दोन्ही वेळा उत्तर एकच, आज घ्यायचा नाही.

दुसरं, पाठ. लोक पोट बघतात. पोट एका जेवणाने फुगतं. डोक्यामागचं, पाठीच्या वरच्या कडेचं मांस मात्र एका जेवणाने भरून येत नाही. तिथे खळगा असेल तर मासा बरेच दिवस उपाशी आहे. मँडरिन हा अतिशय देखणा मासा, पण दिवसभर दगडांवरचे जिवंत सूक्ष्म जीव टिपत फिरणारा. दुकानाच्या उघड्याबोडक्या टँकमध्ये तो रंग न उडता वाळत जातो. समोरून तो रेशमी दिसतो. वरून बघितलात तर बरगड्यांसारख्या रेघा दिसतील.

तिसरं, "समोर खाऊ घाला" म्हणायचं, आणि नुसतं तोंडात घेऊन थुंकतोय की गिळतोय ते बघायचं. लाजू नका, भाजीवाल्याकडे आपण भेंडी मोडून बघतोच. शेजारच्या टँकवरही नजर टाका. पुष्कळ दुकानांत सगळ्या टँकचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं, त्यामुळे कोपऱ्यात मेलेला मासा तुमच्याही माशाबद्दल काही सांगत असतो.

आणि काही गोष्टी कितीही बघितलं तरी दिसणार नाहीत. फिलिपीन्स, इंडोनेशियात काही ठिकाणी मासे सायनाइडने गुंगवून पकडतात. असा मासा छान खातो, रंग दाखवतो आणि नंतर कधीतरी मरतो. डोळ्यांनी हे ओळखायची रीत नाही. तिथे बघणं सोडून विचारायचं, कुठून आला? टँकमध्ये वाढवलेला आहे का? क्लाऊनफिशच्या बाबतीत असा मासा मिळतो. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने मंडपमला त्याचं प्रजनन केलेलं आहे. बाकी उरतो तो वेळ. थोडे पैसे देऊन मासा दोन आठवडे दुकानातच ठेवायला सांगा, आणि नंतर घरी वेगळ्या छोट्या टँकमध्ये चार ते सहा आठवडे. त्या कोषांचा हिशेब लक्षात घेतला की एवढे आठवडे का, ते कळेल.

(श्रोत्यांतून प्रश्न: पोट खपाटीला गेलेला मासा मग तसाच मरू द्यायचा का?)

हा प्रश्न मी टाळणार होतो. तुम्ही दयेपोटी तो घेतलात की दुकानदाराच्या वहीत 'विकला गेला' एवढीच नोंद होते आणि तो तसाच आणखी एक मागवतो. म्हणून घेऊ नका असं मी सांगतो. पण खरं सांगायचं तर मी स्वतः दोनदा असा मँडरिन उचलून आणला आहे. त्यातला एक जगला.